नाव, पत्ता आणि मार्फत



न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा सुरू झाली आणि पुढे ती महाराष्ट्रातल्या गावोगावी गेली. या प्रथेचा मोठा गुण असा की येथे वक्त्याची पदवी कोणी विचारत नाही. माझ्यासारख्याची त्यामुळे सोय होते. माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर झाले. उरलेले रात्री दिव्याखाली, मिळेल ते पुस्तक वाचून झाले.

आजचा विषय असा, की ज्याचा इंटरनेटवरचा पत्ता सारखा बदलतो, अशा आपल्या घरच्या किंवा कचेरीतल्या संगणकापर्यंत बाहेरून पोहोचावे कसे. हे ऐकून आपल्यापैकी काहींनी मनात म्हटले असेल, की या गृहस्थांनी किमान वेतनावर बोलावे, ठेकेदारीवर बोलावे, हे भलतेच काय काढले? परंतु विषय वेतनाचाच आहे. तो कसा, ते आधी सांगतो.

आपल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत पोटासाठी घर सोडणारी माणसे थोडी नाहीत. दिवाळी आटोपली की पाड्यापाड्यांवरची, विशेषतः कातकरी समाजाची कुटुंबे भांडीकुंडी, कोंबड्या आणि मुलेबाळे घेऊन भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. जाण्याआधी मालकाकडून उचल घेतलेली असते. तेथे आठवड्याला खावटी मिळते. आणि पावसाच्या तोंडाशी, घरी परतण्याच्या वेळी, हिशेब होतो. किती विटा पाडल्या, किती खावटी घेतली, उचल किती फिटली? मालकाकडे वही असते. मजुराकडे स्मरण असते. वही आणि स्मरण यांच्या भांडणात वही जिंकते, हे सांगायला वकील लागत नाही. वेठबिगारीची पद्धत कायद्याने १९७६ साली रद्द झाली. पण उचल फिटलीच नाही असे वहीने म्हटले, की तोच मजूर पुढच्या हंगामात त्याच भट्टीवर उभा राहतो.

मुरबाडच्या किंवा आसनगावच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे राबणाऱ्या तरुणाची गोष्ट फार वेगळी नाही. तीन वर्षांत तीन ठेकेदार बदलतात, यंत्र तेच, माणूस तोच. हजेरीपट, पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक हे सारे त्याच्यापाशी कधी असते, कधी नसते.

आता मोबाईल आला. भट्टीवरचा मुलगा खावटीच्या चिठ्ठीचा फोटो काढू शकतो. परंतु मोबाईल धुळीत पडतो, विकला जातो, हरवतो. म्हणून एखाद्या संघटनेने आपल्या कचेरीत एक लहानसा संगणक ठेवला, वहीएवढ्या आकाराचा, दिवसरात्र चालू राहणारा, आणि सभासदांना सांगितले, "कागदाचा फोटो येथे पाठवा, लागेल तेव्हा येथून मागून घ्या," तर तो संगणक म्हणजे सर्व्हर. या शब्दाला भिण्याचे कारण नाही. कपाटाशेजारी बसलेला आणि मागेल त्याला त्याचा कागद काढून देणारा कारकून, एवढाच त्याचा अर्थ.

कोणी विचारील, मोठमोठ्या परदेशी कंपन्यांची कपाटे भाड्याने मिळतात, काही तर फुकट मिळतात. मग हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. ज्याला सोय हवी त्याने ती जरूर घ्यावी. पण कोणत्या मजुराने कोणाविरुद्ध तक्रार केली, कोणाचे किती पैसे अडकले, हे कागद नाजूक असतात. असे कागद आपल्या कपाटात, आपल्या कुलपात असावेत ही इच्छा स्वाभाविक आहे. आणि ज्याला स्वतःचे कपाट ठेवायचे आहे त्याला पहिली अडचण येते ती पत्त्याची.

इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला एक आकडा असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. भिवंडीच्या भट्टीवरून शहापूरच्या कचेरीतला संगणक गाठायचा, तर हा आकडा ठाऊक पाहिजे. पण घरगुती जोडणी देणारी कंपनी तो आकडा आपल्याला विकत देत नाही. तो मुदतीने, वापरायला देते. मुदत सरली, किंवा वीज जाऊन राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की पुष्कळदा नवा आकडा पदरी पडतो. शहापूर-मुरबाडकडे पावसाळ्यात वीज जाणे ही काही वर्तमानपत्रात छापण्याजोगी बातमी नव्हे. सकाळी मजुराला सांगितलेला पत्ता संध्याकाळी खोटा ठरतो. तो जुन्या पत्त्यावर दार ठोठावत बसतो, आणि त्याच्या मनात येते, संघटना बंद पडली.

कंपन्या असे का करतात? जुन्या पद्धतीचे हे आकडे एकंदर सुमारे ४२९ कोटी आहेत. त्यांची रचना झाली तेव्हा ही संख्या अफाट वाटली. पुढे पृथ्वीवरच्या माणसांहून ती कमी पडली. २०११ च्या फेब्रुवारीत जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या आशियाच्या वाट्याच्या साठ्यावरही काटकसर लागू झाली. पाणी कमी असले की टँकर येतो आणि हंडे रांगेत लागतात, तसेच हे आहे. ज्याला नित्य एकच आकडा हवा त्याला निराळे पैसे मोजावे लागतात.

आता उपायाकडे येतो. उपाय समजण्यासाठी टपालखात्याची एक हकीकत सांगणे सोयीचे होईल. आपण पाकिटावर शहापूरसाठी ४२१६०१ आणि मुरबाडसाठी ४२१४०१ असे पिन लिहितो. ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने केली. ते संचार मंत्रालयातले अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही होते. या देशात एका नावाची अनेक गावे आहेत. शहापुरेही एकाहून अधिक आहेत. अक्षराचा आणि भाषेचा घोळ आकड्याने मिटवला. टपाल वाटणाऱ्याला आकडा बरा, तसा यंत्रालाही आकडा बरा. माणसाच्या ध्यानात मात्र नाव राहते. म्हणून नाव आणि आकडा यांची सांगड घालणारी एक वही लागते.

इंटरनेटच्या बाल्यावस्थेत अशी वही अक्षरशः एकच होती. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या देखरेखीखाली एक यादी ठेवली जाई. नवा संगणक जोडला की त्यांच्या कचेरीला कळवायचे, त्या यादीत नोंद करणार, आणि सगळ्यांनी ती यादी उतरवून घ्यायची. संगणक वाढले तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नवी व्यवस्था मांडली, तिला डीएनएस म्हणतात. तिचे मर्म आपल्या महसूल खात्यासारखे आहे. सगळ्या राज्याचे सातबारे मंत्रालयात ठेवत नाहीत. मंत्रालय जिल्हा दाखवते, जिल्हा तालुका दाखवतो, तालुका तलाठ्याकडे पाठवतो. त्याचप्रमाणे नावाच्या शेपटाला '.इन' असेल तर जगातली मुख्य वही भारताच्या वहीकडे बोट दाखवते. ती वही नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था सांभाळते. तेथून पुढे ज्याचे नाव त्याच्या वहीकडे. २०१४ सालापासून '.भारत' असे देवनागरीतले नावही घेता येते.

ही वही आरंभी माणसाने हाताने लिहायची होती, कारण मोठ्या संस्थांचे पत्ते क्वचितच बदलत. १९९७ साली यंत्राने यंत्राला कळवून नोंद बदलण्याची रीत ठरली. आपला उपाय हाच. कचेरीतल्या संगणकात किंवा राउटरमध्ये एक छोटासा कार्यक्रम बसवतात. तो दर पाच मिनिटांनी बाहेरच्या जगाला विचारतो, "मी तुला कोणत्या आकड्यावरून दिसतो?" आकडा बदललेला दिसला की तो वहीवाल्याकडे जातो, आपली गुप्त किल्ली दाखवतो आणि सांगतो, "अमुक नावापुढचा जुना आकडा खोडा, हा नवा लिहा." भट्टीवरच्या मुलाला आकड्याशी कर्तव्यच राहत नाही. त्याने नाव तेवढे लक्षात ठेवायचे.

यात एक बारकावा आहे. एकदा विचारलेला आकडा वाटेतली यंत्रे काही काळ लक्षात ठेवतात आणि पुन्हा वही उघडण्याचे कष्ट वाचवतात. किती काळ ठेवावा, हे वहीतच लिहिलेले असते. पत्ता वरचेवर बदलणाऱ्याने तो काळ मिनिट-पाच मिनिटांचा ठेवावा. दिवसाचा ठेवला तर दिवसभर टपाल जुन्या घरी जात राहील.

आणि जुन्या घरी आता दुसरा कोणी राहायला आलेला असतो, हे विसरू नये. काल आपला असलेला आकडा आज ठाण्यातल्या एखाद्या अनोळखी गृहस्थाच्या जोडणीला मिळालेला असतो. दार ठोठावून आपण त्याच्या हाती परवलीचा शब्द ठेवला तर? म्हणून नाव बरोबर असून भागत नाही. दार उघडणाऱ्याने आपली ओळखही पटवली पाहिजे. त्यासाठी सर्व्हरला प्रमाणपत्र असते. ते आता विनामूल्य मिळते. मोबाईलने "ही ओळख पटत नाही" असा इशारा दिला की पुढे जाऊ नये, एवढे प्रत्येक सभासदाला शिकवले पाहिजे.

इतके करूनही पुष्कळांचा सर्व्हर बाहेरून सापडत नाही, आणि ते यंत्राला दोष देतात. खरे कारण निराळे असते. आकड्यांची टंचाई वाढल्यावर कंपन्यांनी चाळ बांधली. शेकडो ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच आकडा, आणि आत प्रत्येकाला खोलीचा क्रमांक. आतून बाहेर जाणाऱ्याला अडचण नाही. बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला मात्र फाटकावर कोणती खोली ते कोणी सांगत नाही. आपण चाळीत राहतो की स्वतंत्र घरात, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा जो आकडा दिसतो तो, आणि बाहेरच्या जगाला आपला जो आकडा दिसतो तो, हे दोन्ही ताडून पाहावेत. निराळे निघाले तर आपण चाळीत आहोत. राउटरवरचा आकडा १०० ने सुरू होत असेल आणि त्यापुढे ६४ ते १२७ मधले काही असेल तर शंकाच नको. तो पट्टा २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवला गेला.

चाळीत असणाऱ्याला तीन वाटा आहेत. पहिली, कंपनीकडे कायमचा स्वतंत्र आकडा मागावा आणि त्याचे पैसे भरावेत. दुसरी, नव्या पद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही६ चा आकडा वापरावा. ते आकडे इतके विपुल आहेत की चाळीची गरजच उरत नाही. मात्र तेही बदलू शकतात, म्हणून नावाची वही तेथेही हवी. आणि दोन्ही टोकांना ती पद्धत चालू असली पाहिजे. तिसरी वाट अशी, की एखादे लहानसे यंत्र बाहेर कायम पत्त्याच्या जागी भाड्याने घ्यावे. आपला सर्व्हर आतून निघून त्या यंत्राशी एक बंदिस्त बोगदा जोडून ठेवतो, आणि पाहुणे त्या यंत्राकडे येऊन बोगद्याने आत येतात. वायरगार्ड नावाची अशी बोगद्याची व्यवस्था सर्वांना खुली आहे आणि २०२० पासून ती लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट आहे. असा बोगदा फुकट देणाऱ्या कंपन्याही आहेत.

आणि येथे मी माझ्या खऱ्या मुद्द्याशी येतो. बंधूंनो, या तिन्ही वाटा आणि ती नावाची वही, हे सारे शेवटी "मार्फत" आहे. पाकिटावर आपण लिहितो ना, अमुक अमुक, मार्फत तमुक शेठ. भट्टीवर गेलेल्या माणसाला पत्र धाडायचे, तर मालकाच्या मार्फतच धाडावे लागे. पत्र मिळायचे, पण मालकाला वाटेल तेव्हा. तो ते उघडू शकतो, अडवू शकतो, "असा माणूस येथे नाही" असे सांगू शकतो. ज्याचा पत्ता बदलतो त्याला मार्फतीवाचून गत्यंतर नाही. म्हणून मार्फत कोण, हा प्रश्न फार मोलाचा आहे.

इंटरनेटवर हे घडून गेले आहे. डायन नावाची अमेरिकन कंपनी बदलत्या पत्त्यांच्या नोंदी वर्षानुवर्षे फुकट ठेवत होती. २०१४ च्या मे महिन्यात तिने फुकट सेवा बंद केली; पैसे भरा, नाहीतर नाव जाईल. त्याच वर्षी जूनअखेर नो-आयपी नावाच्या दुसऱ्या कंपनीची वीसहून अधिक मुख्य नावे मायक्रोसॉफ्टने न्यायालयाच्या आदेशाने ताब्यात घेतली. काही चोर त्या नावांचा आडोसा घेतात, असे कारण होते. पण त्या नावांखाली लाखो निरपराध ग्राहक नांदत होते. त्यांचीही दारे बंद झाली. नावे काही दिवसांत परत मिळाली खरी. परंतु तो आठवडा हिशेबाचा असता तर?

भातसा आणि तानसा आपल्या तालुक्यात. पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. पाणी कोणाच्या जमिनीवर साठले याहून चावी कोणाच्या हातात आहे याला महत्त्व, हा धडा शहापूरकरांना निराळा शिकवण्याची गरज नाही. सर्व्हर आपल्या कचेरीत आहे म्हणून हुरळून जाऊ नये. नावाची चावी कोठे आहे ते पाहावे.

म्हणून माझे सांगणे असे. नाव दुसऱ्याच्या नावाखाली उपरे घेऊ नये. संस्थेने आपले स्वतःचे नाव नोंदवावे. त्याला वर्षाला काही शे ते हजार-दीड हजार रुपये पडतात. इतकी वर्गणी कोणतीही संस्था जमवू शकते. स्वतःचे नाव असले की मार्फत बदलता येते. एक वहीवाला नडला तर दुसऱ्याकडे जाता येते, आणि सभासदाला नवे काही शिकवावे लागत नाही. दुसरे, ती नोंद एखाद्या हुशार कार्यकर्त्याच्या खाजगी खात्यावर नसावी. संस्थेच्या खात्यावर असावी, किल्ली दोघांकडे असावी, आणि नूतनीकरणाची तारीख कचेरीच्या भिंतीवर लिहिलेली असावी. माणसे नोकरी बदलतात, रुसतात, मरतात. संस्था टिकली पाहिजे. तिसरे, कागदांची एक प्रत दुसऱ्या गावी असावी. शहापूरची मुरबाडला, मुरबाडची शहापूरला. चौथे, कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द पहिल्या दिवशी बदलावा आणि राउटरचे जे दार लागत नाही ते बंद ठेवावे.

हा चौथा नियम किरकोळ समजू नका. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी जगभरातल्या घराघरांतले कॅमेरे आणि राउटर, ज्यांचे मूळचे परवलीचे शब्द कोणी बदललेच नव्हते, चोरांनी परस्पर जुंपले आणि त्या सर्वांकडून एकाच वेळी डायन कंपनीच्या वह्यांवर मारा करवला. अमेरिकेत मोठमोठी संकेतस्थळे कित्येक तास सापडेनाशी झाली. संकेतस्थळे जागच्या जागी धडधाकट होती. त्यांच्याकडे नेणारी वही तेवढी उघडत नव्हती. आपल्या दाराचे कुलूप हे आपल्यापुरते नसते, ते शेजाऱ्याचेही असते.

कोणी म्हणेल, ज्याला दोन वेळची भाकरी मिळत नाही त्याला हे नाव-पत्त्याचे तत्त्वज्ञान काय कामाचे? मी म्हणतो, त्यालाच ते सर्वांत आधी कळते. पूर्वी रेशनकार्ड दुकानाला बांधलेले असे. पाड्यावरचे दुकान पाड्यावर राही, आणि माणूस भट्टीवर उपाशी. २०१९ साली महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात कार्ड एकमेकांकडे चालवण्याचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे तो देशभर गेला. धान्य नावावर मिळावे, दुकानाच्या पत्त्यावर नव्हे, हे तत्त्व मान्य झाले. ते तत्त्व आणि मी तासभर सांगितलेले तत्त्व एकच आहे. मुलांच्या शाळेला ते लावायचे आहे, मतदारयादीला लावायचे आहे, आणि खावटीच्या हिशेबाला तर लावायचेच आहे. माणूस फिरता असेल. त्याचे नाव आणि त्याचा हक्क फिरता असता कामा नये.

या सभेत कॉलेजात जाणारी मुले-मुली आहेत. त्यांना माझी विनंती आहे. मी सांगितलेली जोडणी करायला दोन रविवार लागतात. आपल्या भागात कोणत्याही संघटनेला, बचतगटाला, वाचनालयाला ती करून द्या. पण करून देऊन निघून जाऊ नका. तेथल्या दोघांना ती शिकवा आणि किल्ली त्यांच्या हाती ठेवा. नाहीतर तुम्हीच नवे मार्फत व्हाल. हंगाम संपत आला आहे. पावसाच्या तोंडाशी भट्ट्यांवर हिशेब सुरू होतील. मालकाची वही उघडेल, तेव्हा मजुराला आपली वही उघडता आली पाहिजे, मग कचेरीत त्या सकाळी कितीदा वीज का गेलेली असेना.